कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात? पाचट पसरा
कोल्हापुरात पावसाची झड लागली की कोंबड्या खुराड्यातच अडकतात आणि रिकामी चोच शेजारणीच्या शेपटीकडे वळते.

खाली चार बोटं कोरडं पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, पसरा. दुपारी त्यात मूठभर ज्वारी उधळा, उकरण्यात त्यांचा वेळ जातो. शेवग्याचा डहाळा चोचीच्या जरा वर टांगा. जमिनीवर टाकलेला पाला नुसता तुडवला जातो. दर कोंबडीला आत निदान 4 चौरस फूट जागा हवी. आणि नुसत्या कण्यांवर भागवू नका: प्रथिनं कमी पडली की पिसं खाणं वाढतं. अंडी देणाऱ्या कोंबडीला तिच्यासाठीचं तयार लेयर खाद्य द्याच.

रक्त दिसलं की ती कोंबडी लगेच वेगळी करा. जखमेला लाल औषध नको, लाल दिसलं की बाकीच्या तुटून पडतात. पाचट भिजलं तर त्याच दिवशी बदला, बुरशी धरते.