वादळाची रेघ बघत बसू नका, हातातले तास मोजा

मे सरत आला की कोकणात दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात: आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी आणि मोबाइलवर समुद्र बघणं. लक्षद्वीपच्या बाजूला कमी दाबाचं क्षेत्र दिसायचा अवकाश, गावातले हवामानवेडे जागे होतात. एक जण अमेरिकन मॉडेल दाखवतो, त्यात वादळ थेट रत्नागिरीवर. दुसऱ्याच्या युरोपियन मॉडेलमध्ये ते ओमानला निघालेलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही बदललेली असतात. या पोरांची चेष्टा करू नका, त्यांच्यामुळे चार दिवस आधी कान टवकारले जातात. पण वादळाच्या अंदाजित मार्गाच्या त्या रेघेवर बागेचे निर्णय घ्यायचे तर रेघ म्हणजे काय ते आधी समजून घ्यायला हवं.

हवामान विभागाच्या नकाशात रेघेभोवती पुढे रुंद होत जाणारा शंकू असतो. वादळाचा मध्य त्या शंकूत कुठूनही जाऊ शकतो. चोवीस तास आधीच्या अंदाजातही सरासरी सत्तर-ऐंशी किलोमीटरचा फरक पडतो, म्हणजे अलिबाग ते श्रीवर्धन एवढा. तीन दिवस आधी तो साधारण दुप्पट असतो. ३ जून २०२० ला 'निसर्ग' आलं तेव्हा आदल्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी अलिबाग आणि मुंबई होती. वादळ किनाऱ्याला लागलं ते खाली दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला. श्रीवर्धनी रोठा सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, आणि त्याहून दक्षिणेच्या मंडणगड-दापोलीलाही जबर तडाखा बसला.

यात एक मेख आहे. आपल्याकडची वादळं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. नैर्ऋत्येकडून किनाऱ्यावर येणाऱ्या वादळाच्या दक्षिण अंगाला वारा समुद्रावरून येतो आणि त्यात वादळाचा पुढे सरकण्याचा वेग मिळतो. म्हणून "रेघ वर सरकली, आपण सुटलो" म्हणून पेढे वाटायचे नाहीत. रेघ थोडी उत्तरेला सरकली तर कधी कधी आपलीच बाजू जास्त वाईट होते. मे २०२१ मधल्या 'तौक्ते'ची रेघ तर महाराष्ट्राच्या जमिनीला लागलीच नाही. ते समुद्रातून गुजरातला गेलं, तरी देवगड-रत्नागिरीच्या बागांत आंब्यांचा सडा पडला. उलट जून २०१९ चं 'वायू' वेरावळच्या तोंडाशी येऊन वळलं. रेघेचं असं आहे.

म्हणून हिशेब उलटा मांडा. वादळ कुठे जाईल हे विचारण्यापेक्षा आपलं कोणतं काम उरकायला किती तास लागतात, ते मोजा. हवामान विभागाचा पिवळा इशारा साधारण ४८ तास आधी येतो, नारिंगी २४ तास आधी. चक्रीवादळ झाल्यावर बुलेटिन दर तीन तासांनी निघतं, तेच बघा. दोन सलग बुलेटिनांत शंकू आपल्या तालुक्यावर राहिला, तर थांबू नका.

ज्या कामांत नुकसान काहीच नाही ती पिवळ्याच्याही आधी करा, वादळ वळलं तरी ती वाया जात नाहीत. शिंपण बंद करा. पोफळीची, म्हणजे सुपारीच्या झाडाची मुळं वरवरची असतात, भिजून सैल झालेल्या जमिनीत ती उपटायला वाऱ्याला कष्ट पडत नाहीत. वाडीतले पाट आणि चर मोकळे करा. माडावरचे तयार नारळ आणि सुकत आलेल्या झावळ्या उतरवा, हिरव्या झावळ्यांना हात लावू नका. पोफळी आणि माड मोजून ठेवा, बागेचे फोटो काढा. पडलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या पोफळी पंचनाम्याच्या वेळी मोजता येत नाहीत.

आंब्याचा निर्णय खरा अवघड, कारण त्यात पैसा आहे. चौदा आणे (सोळापैकी चौदा भाग तयार झालेलं) फळ नारिंगी इशाऱ्याची वाट न बघता देठासकट उतरवा. शंका असेल तर चार फळं बादलीत टाका. बुडतं ते तयार, तरंगतं ते कोवळं. बारा आण्याचं फळ घाबरून काढू नका, आढीत ते सुरकुततं आणि पेटीचं नाव खराब करतं. ते पडलंच तर लोणच्याला, आमचुराला जाईल. गडी मोजकेच असतात, तेव्हा आधी उंच कातळावरच्या, वाऱ्याला उघड्या कलमांपासून सुरुवात करा. पडलेलं फळ चांगल्या फळाच्या आढीत मिसळू नका, एका डागामुळे दहा जातात. पावसानंतर फळमाशी वाढते, झाडावर फळ राहिलं असेल तर रक्षक सापळे लावा.

आमसुलं आणि काजूबी घरात घ्या. गुरांची दावी सोडा, पत्र्याच्या गोठ्यात बांधून ठेवू नका. ऐन वादळात वारा एकदम पडला तर बाहेर पडायचं नाही. तो मध्य असू शकतो, थोड्या वेळाने वारा उलट दिशेने येतो.

भाताचं मात्र वेगळं. वादळाच्या पावसाला मान्सून समजून रोपवाटिका पेरू नका. २०२३ मध्ये 'बिपरजॉय'च्या वेळी मान्सून ११ जूनला रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथेच अडकला, मुंबईला पोहोचायला २५ जून उजाडला. रोहिणीत धूळवाफ, म्हणजे कोरड्या मातीतली पेरणी करायचीच, तर थोडं बियाणं हाताशी राखून ठेवा.

वादळ गेल्यावर पहिले दोन-तीन दिवस मोलाचे. कललेलं कलम मुळं धरून असेल तर फांद्या छाटून उभं करा, मातीची भर द्या आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. लहान पोफळी लगेच सरळ करून बांधल्या तर जगतात. ज्या माडाचा कोंबच मोडला त्याला पुन्हा फुटवा येत नाही, तो काढावा लागतो. असे ओंडके वाडीत कुजत ठेवू नका. त्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि वादळातून वाचलेले माड त्याच्या तोंडी जातात.