वाइनची यादी हातात आली की

त्या रात्री सहा नंबरच्या टेबलावरचं जोडपं बिल चुकतं करून, आभार मानून निघून गेलं. टेबल आवरताना पाहिलं तर बाटलीत निम्म्याहून जास्त वाइन तशीच होती. हुंगली, तर भिजलेल्या पुठ्ठ्याचा कुबट वास. बाटली बिघडलेली होती, आणि दोघंही काही बोलले नव्हते. त्यांनी एक शब्द काढला असता तर मी ती लगेच बदलून दिली असती. रेस्टॉरंटमध्ये वाढण्याचं काम मी चार वर्षं केलं. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते त्या टेबलांवर मला रोज दिसायचं.

म्हणून आधी पैशाचं बोलू. वाइनवर किती खर्च करायचा, तो आकडा घरूनच ठरवून निघा. सोबतच्यांसमोर तो मोठ्यानं सांगायचा संकोच वाटत असेल तर यादीतल्या तेवढ्या किमतीवर बोट ठेवा आणि म्हणा, ‘साधारण अशी काहीतरी सुचवा.’ वाढणाऱ्याला बरोबर कळतं. मला तर असं विचारणारे पाहुणे फार आवडायचे, कारण मग माझ्या आवडीची बाटली त्यांना देता यायची.

नेहमीची बाटली 750 मिलिलिटरची असते. 150 मिलिलिटरचा ग्लास धरला तर पाच ग्लास. ग्लासच्या किमतीला पाचानं गुणा आणि बाटलीच्या किमतीशी ताडून पाहा. ग्लासवारी बहुतेकदा महाग निघते. तरी दोघांनी मिळून दोनच ग्लास घ्यायचे असतील तर ग्लासच मागवा, फक्त ‘ही बाटली कधी उघडली?’ एवढं विचारा. परवा उघडून तशीच ठेवलेली असेल तर दुसरी वाइन निवडा.

यादीतली सगळ्यात स्वस्त मागवायची लाज वाटते म्हणून लोक तिच्या वरची मागवतात, आणि तीच सगळ्यात जास्त नफा लावून विकतात, असा एक जुना समज आहे. लंडनमधल्या रेस्टॉरंटांच्या याद्या तपासून दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2021 साली तो खोडून काढला. त्यांच्या आकड्यांत नफ्याचं प्रमाण यादीच्या मधल्या भागात सर्वाधिक निघालं. तेव्हा स्वस्तातली दुसरी बाटली खुशाल घ्या.

पैसे वाचवायची माझी खरी युक्ती वेगळी आहे: नावाजलेल्या वाइनचा शेजारी शोधायचा. इटलीतली बारोलो ही लाल वाइन महाग असते, पण त्याच नेब्बिओलो द्राक्षाची लांगे नेब्बिओलो त्याच टेकड्यांच्या परिसरातली. ती कमी काळ मुरवतात, म्हणून किंमत उतरते. शॅम्पेनसारखीच बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली कावा किंवा क्रेमाँ ही फेसाळ वाइन यादीत असेल तर मी दुसरीकडे बघतही नाही.

जेवण आधी ठरवा, वाइन मागाहून. पदार्थ आंबट असेल तर वाइन त्याहून आंबट हवी, नाहीतर ती पाणचट लागते. तिखटाबरोबर जास्त अल्कोहोलची, तुरट लाल वाइन घेतली तर तोंडाची आग वाढते; तिथे किंचित गोड, हलकी रीसलिंग ही पांढरी वाइन घ्या. जर्मनीच्या मोझेल खोऱ्यातल्या काही रीसलिंगमध्ये अल्कोहोल आठ-नऊ टक्केच असतं. तुरटपणा शोभतो तो चरबीदार मांसाबरोबर. मासळीबरोबर लाल वाइन काही वेळा उग्र, हिमूस का लागते, याचं कारण 2009 साली जपानी संशोधकांना सापडलं: वाइनमधलं लोह. सगळ्याच लाल वाइनमध्ये ते सारखं नसतं, म्हणून लालच हवी असेल तर हलकी, कमी तुरट मागा.

आता बाटली उघडल्यावर वाढणारा घोटभर वाइन ओतून समोर धरतो, तो प्रसंग. तुमच्या जाणकारीची परीक्षा कोणी घेत नसतं. बाटली चांगली आहे ना, एवढंच विचारलेलं असतं. आधी लेबलवरचं नाव आणि साल मागवल्याप्रमाणे आहे का ते बघा. मग ग्लास फिरवून वास घ्या. ओला पुठ्ठा, दमट तळघर किंवा झोंबणारा व्हिनेगरचा वास आला तर ‘मला ही बिघडलेली वाटते, तुम्ही एकदा बघाल का?’ म्हणा. कुबट वास बहुधा बुचामुळे येतो आणि ग्लासात वेळ गेला म्हणून जात नाही. वास ठीक आहे, पण चव आवडली नाही, तर बाटली परत करता येत नाही. म्हणून ग्लासवारी मिळणाऱ्या वाइनचा आधी एखादा घोट चाखायला मागा. मागितल्यावर बऱ्याच ठिकाणी देतात.

लाल वाइन कोमट आली तर बर्फाची बादली मागवा आणि बर्फात पाणी घालायला सांगा, नुसत्या बर्फापेक्षा बाटली लवकर गार होते. दहा मिनिटं पुरतात. आणि ग्लास रिकामा व्हायच्या आत कोणी भरत राहिलं तर ‘आम्हीच वाढून घेतो’ म्हणा. बाटली टेबलावर राहते आणि मुख्य पदार्थ येईपर्यंत पुरते.