फ्लॉरेन्स एका दिवसात पायी कसे पाहावे

इटलीतील फ्लॉरेन्सचा जुना भाग इतका आटोपशीर आहे की रेल्वे स्थानकापासून आर्नो नदीपर्यंत संथ चालीनेही अर्धा तास पुरतो. एका दिवसात सगळी संग्रहालये उरकण्याचा हव्यास मात्र धरू नये. आत जाऊन पाहायचे असे एकच मोठे ठिकाण निवडावे आणि बाकी शहर बाहेरून, सावकाश पाहावे. माझ्या मते ते एक ठिकाण द्वोमो, म्हणजे मुख्य कॅथीड्रलचा घुमट हेच असावे.

घुमटावर चढण्याचे तिकीट ठरावीक वेळेचे असते, म्हणून सकाळची पहिली वेळ आधीच ऑनलाइन आरक्षित करावी. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत. वर जायला 463 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. गुडघे दुखत असतील किंवा अरुंद जागेत जीव घुसमटत असेल, तर हा टप्पा निःसंकोच वगळावा. वास्तुकार ब्रुनेलेस्कीने 1420 ते 1436 या काळात हा घुमट जमिनीपासून लाकडी आधार न उभारता बांधला. वरचा जिना घुमटाच्या आतल्या आणि बाहेरच्या कवचांमधून जातो. तिथे घाई न करता क्षणभर थांबून विटांची रचना पाहावी: आडव्या विटांच्या थरांमध्ये ठरावीक अंतरावर उभ्या विटा बसवलेल्या दिसतात. चुना वाळेपर्यंत तिरप्या थरांतल्या विटा घसरू नयेत, हे काम त्या उभ्या विटा करतात.

खाली उतरल्यावर समोरच्या अष्टकोनी बाप्तिस्मागृहाचे पूर्वेकडील सोनेरी दार पाहावे. दारावर आहेत त्या प्रतिकृती; शिल्पकार गिबेर्तीचे मूळ फलक कॅथीड्रलमागच्या संग्रहालयात जपून ठेवले आहेत. तेथून काल्त्साइउओली रस्त्याने दक्षिणेकडे निघावे. वाटेत ऑरसानमिकेले लागते. धान्यबाजाराचे चर्च झालेली ही इमारत बाहेरून फिरून पाहण्यासारखी आहे. पुढे सिन्योरिया चौकात मायकेलअँजेलोच्या डेव्हिड पुतळ्याची प्रतिकृती उभी आहे. मूळ पुतळा 1873 पासून अकादेमिया संग्रहालयात असून, तो पाहायचाच असेल तर घुमटाऐवजी त्याची निवड करावी. मात्र सोमवारी ते संग्रहालय बंद असते.

दुपारचे जेवण पोंते वेक्कियो ओलांडून पलीकडच्या सांतो स्पिरितो चौकाच्या आसपास घ्यावे. 1345 मध्ये बांधलेल्या या पुलावर पूर्वी खाटकांची दुकाने होती. 1593 मध्ये त्यांना हटवून सोनारांना जागा देण्यात आली. पत्ता शोधताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. येथे दुकानांचे व उपाहारगृहांचे क्रमांक लाल, तर घरांचे काळे किंवा निळे असतात आणि दोन्हींची मोजणी वेगवेगळी चालते, त्यामुळे लाल 20 आणि निळा 20 एकमेकांपासून बरेच दूर असू शकतात. कॉफी काउंटरपाशी उभे राहून प्यावी. टेबलावर बसल्यास तीच बहुधा महाग पडते.

मराठी प्रवाशाने दुपारनंतरचा वेळ काशिने उद्यानासाठी राखून ठेवावा, असा माझा आग्रह आहे. नदीचा उत्तर काठ धरून पश्चिमेकडे तास-सव्वा तास चालल्यावर, उद्यानाच्या अगदी टोकाला, आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमापाशी कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज यांचे स्मारक आहे. राजर्षी शाहूंच्या आधीच्या काळातले हे तरुण महाराज इंग्लंडहून परतत असताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये, विशीतच वारले. याच संगमावर हिंदू पद्धतीने त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि 1874 मध्ये छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला. शेजारच्या मोठ्या पुलाचे नावही या स्मारकावरूनच पडले आहे. उफिझी कलासंग्रहालयाच्या रांगेत ताटकळण्यापेक्षा या जागी अर्धा तास घालवणे मला अधिक मोलाचे वाटते.

उद्यानाचा हा भाग बराच निर्जन असल्याने अंधार पडण्यापूर्वी परत फिरावे. हिवाळ्यात तर दुपारी तीनच्या आतच पूल सोडून निघावे. पाय थकले असतील, तर उद्यानाच्या शहराकडील बाजूस टी-1 ट्रामचा थांबा आहे. ती थेट मुख्य स्थानकापाशी सोडते.