निवाऱ्यात यायला नकार देणाऱ्या बेघर माणसासाठी काय करावं

नाशिकमध्ये रामकुंडावर, सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानक) किंवा नाशिकरोडला उघड्यावर झोपलेला माणूस ‘निवाऱ्यात येत नाही’ म्हणाला, तर तो गुन्हा नाही. पण ती जागा त्याच्या हक्काचीही होत नाही. 1985 च्या ओल्गा टेलिस निकालात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेला जगण्याच्या हक्कात धरलं, फुटपाथवर राहण्याचा हक्क मात्र मानला नाही. हटवण्याआधी सहसा नोटीस द्यावी, म्हणणं ऐकावं, असं सांगितलं. स्टेशनच्या हद्दीत नियम कडक आहेत. सांगूनही न हलल्यास रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणून फलाटावरच्या माणसाला आधी बाहेरची जागा दाखवा.

बोलायला दोघांनीच जा. तोंडावर टॉर्च मारू नका. शेजारी बसा, ‘बाबा’, ‘मावशी’ म्हणा आणि ‘चला’ म्हणण्याआधी ‘तिथं अडचण काय येते?’ हे विचारा. कुणाचं कुत्रं आत घेत नाहीत, कुणा नवरा-बायकोला वेगळं झोपावं लागतं, कुणाला पहाटेच मार्केट यार्डात हमालीला जायचं असतं. भिक्षेकरीगृहात डांबतील ही भीती तर खरीच आहे, कारण 1959 चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात लागू आहे. पहिल्याच भेटीला पोलीस सोबत नेले की ती भीती पक्की होते.

विचारण्याआधी निवारा केंद्रात फोन करून जागा आहे का बघा. दारातून परत आलेला माणूस पुन्हा येत नाही. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष लाख लोकसंख्येमागे निवाऱ्यातल्या किमान 100 जागांचा होता; नाशिकच्या 2011 च्या 14.86 लाख लोकसंख्येला त्या सुमारे 1,500 होतात. तुटवडा असेल तर मनपाकडे लेखी मागणी करताना हा आकडा घाला.

तरीही नाहीच म्हणाला, तर निदान रात्र सुखरूप जाऊ द्या. थंडी खालून जास्त लागते: जमिनीवर प्लास्टिक, त्यावर पुठ्ठ्याचे दोन-तीन थर, मग गोणपाट. अंगावर प्लास्टिक नको, आतून ओल धरते. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या आसपास आणि घाटाच्या पायऱ्यांवर कुणालाच झोपू देऊ नका. इथं मात्र आग्रह धरावाच.

माणूस बरळत असेल, थंडीत कुडकुडणं थांबून सुस्तावला असेल, तर 108 ला (रुग्णवाहिका) फोन करा. एकटं मूल दिसलं तर 1098 (चाइल्डलाइन). मानसिक आजारामुळे स्वतःला सांभाळता येत नसेल तर 112 (पोलीस). मानसिक आरोग्य कायदा 2017 च्या कलम 100 नुसार 24 तासांत सरकारी रुग्णालयात पोचवणं पोलिसांचं काम आहे. मनपाच्या अतिक्रमण पथकाने माणसाचं गाठोडं उचललंच, तर जागेवरच सामानाची यादी करून तिची प्रत मागा. आधार आणि रेशनकार्ड बहुतेक वेळा त्यातच असतं.