ऑस्ट्रेलियातील कार्यक्रमात मूळ भूमिधारकांचा सन्मानपूर्वक उल्लेख कसा करावा

मेलबर्न-सिडनीतील मराठी मंडळाचा गणेशोत्सव असो वा शाळेचे संमेलन, प्रारंभी त्या भूमीच्या मूळ समाजाचा उल्लेख करण्याची जबाबदारी पुष्कळदा ऐनवेळी सूत्रसंचालकावर येते. ती आधीच एकावर सोपवावी.

‘वेलकम टू कंट्री’ म्हणजे स्वागत. ते करण्याचा अधिकार त्या भूमीच्या पारंपरिक मालक समाजालाच आहे. म्हणून ते हवे असल्यास त्यांना रीतसर निमंत्रण आणि मानधन द्यावे. ‘अक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री’, म्हणजे त्या भूमीच्या मूळ समाजाचा आदरपूर्वक उल्लेख, मात्र कोणीही करू शकतो, आणि पुढील सूचना त्यासाठी आहेत.

आता खरी कठीण पायरी: सभागृह नेमके कोणाच्या भूमीवर आहे? मलाही याच प्रश्नाने सर्वांत अधिक काळ अडवले होते. ‘मेलबर्न म्हणजे वुरुंजेरी’ हा सरसकट दिला जाणारा सल्ला मला मुळीच मान्य नाही. व्हिक्टोरियात 1 जुलै 2021 पासून लागू असलेल्या सीमेनुसार मेलबर्नचा मध्यवर्ती भाग आणि रिचमंड वुरुंजेरी वोई-वुरुंग समाजाकडे, तर सेंट किल्डा आणि अल्बर्ट पार्क बुनुराँग समाजाकडे येतात. सिडनीच्या मध्यवर्ती भागात गॅडिगल, तर पॅरामॅटात धारुग. त्यामुळे सभागृह बदलले की मागच्या वर्षीचा कागद कृपा करून वाचू नका. एका समाजाच्या भूमीवर उभे राहून दुसऱ्याचे नाव घेणे हा दोघांचाही अवमान आहे. देशभराचा जो रंगीत नकाशा सर्वत्र दाखवला जातो, त्यातील सीमा काटेकोर नाहीत, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये. स्थानिक नगरपरिषदेचे संकेतस्थळ पाहावे, व्हिक्टोरियात नोंदणीकृत ॲबोरिजिनल (मूळ रहिवाशांच्या) संस्थांचा अधिकृत नकाशा तपासावा आणि सिडनीच्या न्यू साउथ वेल्स राज्यात स्थानिक ॲबोरिजिनल लँड कौन्सिलला विचारावे. एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर अंदाजाने नाव घेण्यापेक्षा ‘या भूमीचे पारंपरिक मालक’ एवढेच म्हणणे अधिक प्रामाणिक ठरते.

नावाचा उच्चार त्या समाजातील व्यक्तीच्या ध्वनिमुद्रणावरून शिकावा.

मजकूर दोन-तीन वाक्यांचा असावा, दीपप्रज्वलनाआधी म्हणावा आणि वर्तमानकाळात असावा, कारण हे समाज आजही तेथेच राहतात. ही भूमी त्यांनी कधीही स्वेच्छेने सोडलेली नाही, हे वाक्य गाळू नये. इंग्रज येण्यापूर्वी ती कोणाचीच नव्हती ही कल्पना 1992 च्या माबो खटल्याच्या निकालात तेथील सर्वोच्च न्यायालयानेच फेटाळली आहे. त्या समाजाच्या ज्येष्ठांना वंदन करताना सभागृहात उपस्थित असलेल्या ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर (टोरेस सामुद्रधुनीतील बेटांचे मूळ रहिवासी) पाहुण्यांचाही आदराने उल्लेख करावा.