जुनं जर्मन वन्यजीव तैलचित्र कसं तपासावं: सही सर्वांत शेवटी

सिंह, हत्ती किंवा धुक्यात उभं शिंगाळं हरीण रंगवलेलं जुनं जर्मन तैलचित्र समोर आलं की नजर आधी सहीकडे जाते. तिथे शेवटी जावं. सही पाच मिनिटांत करता येते, पण चित्राची शंभर वर्षं जुनी मागची बाजू सहज बनवता येत नाही.

वन्यजीव चित्रकार विल्हेल्म कूनर्टचं (1865–1926) उदाहरण घ्या. जन्म ओपेल्नचा, जे आज पोलंडमध्ये आहे. शिक्षण बर्लिनच्या अकादमीत. जर्मन पूर्व आफ्रिकेत (आजचं टांझानिया आणि शेजारचा भाग) जाऊन त्याने प्राणी मोकळ्या रानात रेखाटले, तेव्हा बाकीचे बरेच जण प्राणिसंग्रहालयावर भागवत होते. ब्रेहम या जर्मन निसर्गअभ्यासकाच्या प्राणिकोशातही त्याची चित्रं छापलेली आहेत. म्हणून चित्र एखाद्या छापील चित्राशी कडेपर्यंत तंतोतंत जुळत असेल, तर आनंद होण्याऐवजी शंका यायला हवी.

चित्र उलटं करून पाठीपासून सुरुवात करा. कॅनव्हास ज्या लाकडी चौकटीवर ताणलेला असतो, तिच्या कोपऱ्यांत कॅनव्हास घट्ट ताणण्यासाठीच्या लाकडी पाचरी असायला हव्यात. कडेला छोटे खिळे असावेत. स्टेपल दिसले तर कॅनव्हास निदान नंतर पुन्हा ताणलेला आहे. खिळ्यांची जुनी भोकं आहेत का ते बघा. प्रदर्शनाची चिठ्ठी, कॅनव्हास विक्रेत्याचा शिक्का, लिलावाचे खडूचे आकडे या सगळ्यांचे फोटो घ्या. काही खरवडू नका.

मग दहापट भिंग. सलग ब्रशचे फटकारे न दिसता ठिपके दिसले तर ती छपाई आहे. नियमित जाळीसारखे ठिपके म्हणजे यांत्रिक छपाई, वेडेवाकडे रंगीत ठिपके म्हणजे ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी रंगीत शिळाछपाई. रविवर्म्याच्या छापखान्यातल्या देवादिकांची चित्रं ज्यांनी जवळून पाहिली आहेत, त्यांना हा प्रकार लगेच ओळखू येईल. वर व्हार्निश आणि दाबून उठवलेला कॅनव्हासचा पोत असल्यामुळे दोन फुटांवरून भले भले फसतात.

अंधाऱ्या खोलीत टॉर्च चित्राच्या बाजूने, जवळजवळ समांतर धरा. कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल भेग म्हणजे मागून बसलेला धक्का. जंगलाच्या काळपट तपकिरी भागात मगरीच्या कातडीसारख्या रुंद भेगा असतील, तर तिथे डांबरी रंग असण्याची शक्यता मोठी. एकोणिसाव्या शतकात खोल सावल्यांसाठी तो वापरत. तो नीट वाळतच नाही, त्यामुळे वरचा थर सरकत, फाटत राहतो. त्यावर घरगुती इलाज नाही. उष्णतेपासून दूर ठेवणं एवढंच हातात असतं.

पुढे 365 नॅनोमीटरचा अतिनील दिवा. जुनं राळेचं व्हार्निश हिरवट-पिवळं चमकतं आणि त्यावर केलेली नंतरची दुरुस्ती काळ्या डागांसारखी दिसते. आता सहीकडे या. कूनर्ट बऱ्याचदा पहिलं नाव तोडून ‘विल्ह.’ एवढंच लिही. सहीचा रंग भेगांत उतरला असेल किंवा सही व्हार्निशच्या वर तरंगत असेल, तर ती मागाहून घातलेली आहे.

एवढ्यातून चित्र तरलं आणि किंमत मोठी असेल, तर रंगातली मूलद्रव्यं ओळखणारी क्ष-किरण प्रतिदीप्ती (XRF) चाचणी करून घ्या. टायटॅनियमचा पांढरा रंग 1920 च्या सुमारास बाजारात रुळला. 1905 ची तारीख असलेल्या चित्राच्या मूळ थरात तो सापडला तर तारीख खोटी. फक्त डागडुजीत सापडला तर काही बिघडत नाही. चाचणी चित्रावर नेमकी कुठे केली हे म्हणूनच लेखी मागा.

साफसफाईबद्दल: बटाटा, कांदा, साबण, खोबरेल, यांतलं काहीही नको. बटाट्याचा स्टार्च भेगांत अडकतो आणि त्यावर बुरशी वाढते. रंग घट्ट असेल तर मऊ बकरीच्या केसांच्या ब्रशने धूळ झटका. पोपडे सुटत असतील तर ब्रशही नको, चित्र आडवं ठेवून थेट संवर्धकाकडे, म्हणजे चित्रांची जपणूक-दुरुस्ती करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या. व्हार्निश काढणं हे त्याचंच काम.

आर्द्रता 45 ते 55 टक्के असावी. चित्र कोकणात किंवा मुंबईत टांगायचं असेल तर पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडलेला दिसेल. तेव्हा पाचरी ठोकण्याचा मोह आवरा, कारण हिवाळ्यात हवा कोरडी झाली की तोच ताण रंगाला तडे पाडतो. बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे मागून हवा खेळती राहील.