अँबॅसिडरचा वॉटर पंप खोलण्याआधी

पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. त्यातून पाणी टपकायला लागलं की आतलं सील गेलं. माझ्या मार्क टूचं ते भोक एका मेस्त्रीने एम-सीलने बुजवून दिलं होतं. बाहेर यायची वाट बंद झाल्यावर पाणी बेअरिंगमध्ये शिरलं आणि महिन्याभरात पंपाच्या शाफ्टवर बसलेला पंखा डुलायला लागला. म्हणून आधी ते भोक तारेने मोकळं करा. मग गार इंजिनावर पंखा दोन्ही हातांनी धरून हलवून बघा. खेळ लागला, म्हणजे पंखा सैल हलला, तर नुसत्या सीलवर भागणार नाही. बेअरिंग शाफ्टसकटच येतं, ते आणा.

पुण्यात असाल तर सुट्या भागांसाठी नाना पेठ पालथी घाला, पण पंपदुरुस्तीचं किट आणून तसंच फळीवर टाकू नका. सील नीट तपासून बघा, चुकीचं वाटलं तर त्याच दिवशी बदलून आणा. सीलचा कार्बन फिरत्या इम्पेलरच्या, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाच्या, पाठीवर घासत राहतो. तिथे चरा पडलेला असेल तर नवं सीलही गळणार, म्हणून एक इम्पेलरही आणून ठेवा.

पाने इंचातलेच हवेत: अर्धा इंच, नऊ-सोळांश. तेरा नंबरचा पाना अर्ध्या इंचाच्या बोल्टला बसल्यासारखा वाटतो खरा, पण गंजलेल्या बोल्टचं डोकं तोच गोल करतो. बोल्टांवर गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच मारा. हब ओढून काढायला पुलर, फट मोजायला फीलर गेज आणि मापं घ्यायला व्हर्नियर लागेल. बेअरिंग हातोडीने ठोकून बसवायचं नाही. लेथवाल्याकडे प्रेस असतो, त्याची वेळ आधीच ठरवा. त्याला दोन गोष्टी लिहूनच द्या: बेअरिंगचं तेलाचं भोक बॉडीच्या भोकासमोर यायला हवं, आणि इम्पेलरची पाती व बॉडी यांत ०.५ ते ०.७५ मिमी फट राहायला हवी. हब, म्हणजे पंखा ज्यावर बसतो तो भाग, काढण्याआधी तो शाफ्टवर कुठवर बसलाय, तेही मोजून ठेवा.

पंप आणि इंजिन यांच्या सांध्यातल्या पॅकिंगचा कागद आणा आणि घरीच कापा. पंपाच्या तोंडावर कागद दाबून धरायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलकं टिचकत जायचं. धारेवर कागद आपोआप तुटतो, भोकंही तशीच पडतात. दुकानातल्या तयार पॅकिंगपेक्षा मला हेच भरवशाचं वाटतं.

होज, क्लिपा, फॅन बेल्ट जुने असतील तर आत्ताच बदला. बेल्ट मधोमध दाबल्यावर साधारण १३ मिमी दबला पाहिजे. रेडिएटर आणि इंजिनाचा ब्लॉक, दोन्हींच्या पाणी सोडायच्या कॉकखाली घमेलं हवं. पाण्यात मिसळलेलं कुलंट गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्र्या-मांजरांपासून लगेच झाकून ठेवा. पंप बसवल्यावर गळती कळावी म्हणून रात्रभर त्याखाली कोरडा पुठ्ठा ठेवायचा आहे, तोही आत्ताच शोधून ठेवा.